दुसऱ्यांच्या हातांवर जगलेली माणसे

माणूस म्हणजे कोण, या प्रश्नाला विज्ञानाने गेल्या शतकात दिलेली बहुतेक उत्तरे कोणत्या ना कोणत्या क्षमतेवर बेतलेली होती. दोन पायांवर चालणे, मोठा मेंदू, भाषा, अग्नीचा वापर किंवा हत्यारे घडवण्याचे कौशल्य यांपैकी एखादा गुण निवडायचा, तो इतर प्राण्यांत आढळत नाही असे दाखवायचे आणि तेथे माणसाची सीमारेषा आखायची, अशी ही रीत होती. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ केनेथ ओकली यांनी १९४९ मध्ये माणसाची ओळख हत्यारे घडवणारा प्राणी अशी करून दिली आणि ती सर्वत्र रूढ झाली. परंतु १९६० मध्ये आफ्रिकेतील गोम्बेच्या जंगलात जेन गुडाल यांना चिंपांझी वारुळात काडी घालून वाळवी बाहेर काढताना आणि त्यासाठी डहाळीची पाने ओरबाडून तिला हवा तसा आकार देताना दिसले, तेव्हा ती रेषा पुसली गेली. वंशाची रेषाही फार काळ टिकली नाही. स्वान्ते पेबो यांच्या गटाने २०१० मध्ये निअँडरथल या लोप पावलेल्या मानवजातीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला, त्यातून आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांच्या जनुकांत एक ते दोन टक्के वाटा निअँडरथलांचा असल्याचे स्पष्ट झाले आणि या कार्यासाठी पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्षमतेवर आधारलेल्या व्याख्यांचा खरा दोष मात्र त्या पुन्हा पुन्हा खोट्या ठरतात हा नाही. तान्हे मूल, स्मृती हरवलेला वृद्ध, मानेखाली पूर्ण लुळा पडलेला रुग्ण यांच्यापैकी कोणीही त्या कसोट्यांना उतरत नाही आणि तरीही त्यांच्या माणूसपणाविषयी घरात कोणाला शंका नसते. ज्या व्याख्येत हे तिघे बसत नाहीत ती व्याख्या धडधाकट प्रौढाची असेल, माणसाची नव्हे. म्हणून गेल्या काही दशकांत काही अभ्यासकांनी प्रश्नाची दिशा बदलली आणि माणूस काय करू शकतो हे विचारण्याऐवजी, ज्याला स्वतःचे काहीच करता येत नव्हते असा माणूस पूर्वी जगला का, आणि जगला असेल तर कोणाच्या आधाराने, याचा शोध ते प्राचीन अस्थींमध्ये घेऊ लागले.

हाड हे निर्जीव द्रव्य नसून जिवंत ऊती आहे, आणि या शोधाचा सगळा पाया तेवढ्या एका गोष्टीवर उभा आहे. मोडलेले हाड सांधू लागते तेव्हा मोडीच्या जागी नव्या अस्थीची गाठ तयार होते आणि पुढे महिनोन्‌महिने ती घडत, घासत जाते, त्यामुळे मृत्यूच्या वेळी झालेली मोड आणि मृत्यूपूर्वी कित्येक वर्षे झालेली मोड यांतला फरक तज्ज्ञाला ओळखता येतो. दात पडला की त्याची जबड्यातली खोबण हळूहळू भरून येते आणि सपाट होते. जो अवयव वापरला जात नाही त्याचे हाड बारीक आणि विरळ होत जाते, कारण स्नायूंचा ताण पडल्याशिवाय शरीर हाडाची जाडी राखत नाही. अशा खुणा एकत्र वाचल्या म्हणजे एखादी व्यक्ती कोणत्या अवस्थेत होती आणि त्या अवस्थेत ती अंदाजे किती काळ जगली, हे सांगता येते. वेदना, लाज, कंटाळा, आपुलकी यांची खूण हाडावर राहत नाही, आणि याचे भान न ठेवल्यामुळे या विषयात पुष्कळ भाबडे लेखन झालेले आहे.

अशा लेखनाचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे मार्गारेट मीड या अमेरिकी मानवशास्त्रज्ञ बाईंच्या नावावर सांगितली जाणारी गोष्ट, जिच्यात संस्कृतीचा पहिला पुरावा कोणता या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला त्या सांधलेले मांडीचे हाड असे उत्तर देतात. मीड यांच्या लेखनात या उत्तराचा आधार सापडत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे असे की मोडलेली हाडे सांधून पुढे वर्षानुवर्षे जगलेली माकडे आणि वानर रानात आढळतात, तेव्हा नुसत्या सांधलेल्या हाडावरून सेवेचा निष्कर्ष काढता येत नाही. गोष्ट सुंदर आहे, पण माणसाच्या इतिहासातले खरे पुरावे तिच्याहून अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह आहेत.

त्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत वादग्रस्त पुरावा कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला, जॉर्जिया देशातील दमानिसी येथे मिळाला. तेथे सापडलेल्या सुमारे १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीच्या एका कवटीच्या आणि तिच्या जबड्याच्या अभ्यासात, या व्यक्तीचे एक सोडून सर्व दात मृत्यूच्या बराच काळ आधी पडले होते आणि खोबणी भरून आल्या होत्या, असे २००५ मध्ये जाहीर झाले. थंडीच्या दिवसांत जेथे मांसावर भिस्त ठेवावी लागे अशा प्रदेशात बोळक्या तोंडाचा हा जीव कसा जगला असेल, याचा विचार करताना संशोधकांनी इतरांनी त्याला ठेचलेले मांस, हाडांतला मगज किंवा मऊ कंद दिले असावेत अशी शक्यता मांडली. बहुतेक दात गमावलेले चिंपांझीही रानात तग धरतात, असे लगेच इतरांनी दाखवून दिले. दगडाने अन्न ठेचण्याची कला ज्याला येते तो स्वतःसाठीही ते ठेचू शकतो, हे लक्षात घेता दमानिसीचा पुरावा संशयाच्या छायेत ठेवणेच न्याय्य ठरते.

उत्तर स्पेनमधील आतापुएर्का टेकड्यांतल्या एका खोल विवरात जमीन अधिक भक्कम लागते. ‘सिमा दे लोस उएसोस’, म्हणजे अस्थींची खाई, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या विवरात सुमारे ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या किमान २८ व्यक्तींचे अवशेष मिळाले आहेत. त्यांत एका बालकाच्या कवटीचे सांधे जन्मापूर्वीच अवेळी जुळलेले होते, त्यामुळे कवटी वेडीवाकडी वाढली, मेंदूवर दाब पडला असावा आणि चेहराही इतरांपेक्षा वेगळा दिसत असावा. तरीही ते मूल किमान पाच वर्षे जगले. जन्मतः वेगळ्या दिसणाऱ्या अर्भकाला टाकून देण्याची प्रथा पुढच्या काळातल्या अनेक सुसंस्कृत म्हणवणाऱ्या समाजांत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाच वर्षांचे मोल कळते. त्याच खाईत आणखी एक कवटी आहे, तिच्या कपाळावर एकाच हत्याराने केलेले दोन प्राणघातक आघात आहेत आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते हेतुपुरस्सर केलेले असल्याचा निर्वाळा दिला. सांभाळलेले मूल आणि ठार मारलेला माणूस एकाच लोकसमूहाच्या अस्थींत शेजारी पडलेले आहेत, आणि माणसाविषयीचे कोणतेही प्रामाणिक विधान या दोघांनाही सामावून घेणारे असावे लागते.

निअँडरथलांविषयी तर गेल्या शतकातली समजूत उलटीपालटी झाली. रानटीपणाचे प्रतीक म्हणून ज्यांची चित्रे काढली गेली, त्यांच्यापैकी एकाचा सांगाडा अमेरिकी पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी यांना १९५७ मध्ये इराकी कुर्दिस्तानातील शानिदार गुहेत मिळाला, तो ‘शानिदार १’ या नावाने ओळखला जातो. या पुरुषाच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर तरुणपणीच जबर आघात झाला होता आणि त्या बाजूच्या डोळ्याने त्याला बहुधा दिसत नसावे. उजवा हात सुकलेला आणि कोपराच्या वरच तुटलेला होता. उजव्या पायातील दुखापतींमुळे तो लंगडत असावा. आणि कानांच्या मार्गांत वाढलेल्या हाडांमुळे त्याला नीट ऐकू येत नसावे, हे २०१७ मध्ये एरिक ट्रिंकाउस आणि सेबास्तियाँ व्हिलोट यांनी दाखवले. हिंस्र पशूंच्या प्रदेशात एका हाताने, एका डोळ्याने आणि जवळजवळ बहिऱ्या कानांनी एकटा माणूस दीर्घकाळ जगू शकत नाही. हा मात्र चाळिशी गाठून, त्या काळाच्या मानाने म्हातारा होऊन मेला. स्पेनमधील कोव्हा नेग्रा गुहेतल्या एका निअँडरथल बालकाच्या कानाच्या हाडाचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात डाऊन सिंड्रोम या जन्मजात अवस्थेशी जुळणारे दोष आढळले. ऐकू न येणे आणि वारंवार तोल जाणे या त्रासांसह ते बालक किमान सहा वर्षांचे झाले होते. कडेवर मूल घेऊन सतत हिंडणाऱ्या एकट्या आईच्या बळावर हे शक्य झाले असेल असे अभ्यासकांना वाटत नाही, आणि लहान मूल मोठे होऊन उपकार फेडील हा हिशेबही येथे लागू पडत नाही.

एवढ्यावर समाधान मानण्याचा मोह आवरण्यासाठी एका टीकेची आठवण ठेवली पाहिजे. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ कॅथरीन डेटवायलर यांनी १९९१ मधल्या एका लेखात, अस्थींवरून करुणा सिद्ध होते का, असा थेट प्रश्न विचारला आणि नकारार्थी उत्तर दिले. अपंग व्यक्ती जगली म्हणून इतरांनी तिला प्रेमाने वागवले असे ठरत नाही, कारण तिला जगवूनही तिची हेटाळणी करता येते. आणि शरीराने अधू व्यक्ती समाजावर भारच असणार हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश होता. एका हाताने मुले सांभाळता येतात, वाटा आणि ऋतू ध्यानात ठेवता येतात, कातडी दातांत धरून कमावता येते. शानिदारच्या पुरुषाला निरुपयोगी ठरवून मग त्याला पोसणाऱ्यांची थोरवी गाणाऱ्या लेखकांनी त्याच्यावर अन्यायच केला होता.

या टीकेला तोंड देणारी पद्धत ऑस्ट्रेलियातील अभ्यासक लोर्ना टिली यांनी विकसित केली. अस्थींवरून रोग ओळखणे, त्या रोगाने त्या काळच्या आणि त्या ठिकाणच्या जीवनात नेमके काय अडले असेल ते ठरवणे, ते भागवण्यासाठी रोज कोणती कामे इतरांना करावी लागली असतील याची मांडणी करणे, आणि मगच त्या समाजाविषयी काही बोलणे, अशा पायऱ्या त्यांनी घालून दिल्या. भावनेविषयी मौन बाळगून कामाविषयी बोलणारी ही शिस्त आहे. तिचा जन्म व्हिएतनाममधील मान बाक या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत सापडलेल्या एका तरुणाच्या अभ्यासातून झाला, जो टिली आणि मार्क ऑक्सनहॅम यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला.

मान बाकच्या या तरुणाच्या मानेचे मणके जन्मतःच एकमेकांना जुळत गेले होते, आणि वैद्यकात क्लिपेल-फाइल सिंड्रोम या नावाने परिचित असलेल्या त्या व्याधीने किशोरवयात त्याच्या कमरेखालचा भाग लुळा पडला. हातांचीही हालचाल फारच मर्यादित राहिली असावी. त्याच्या हातापायांची हाडे काडीसारखी बारीक होती. या अवस्थेत तो सुमारे दहा वर्षे जगला. त्या वस्तीतले लोक मासेमारी, शिकार आणि डुकरे पाळून जगत. त्यांच्याजवळ धातू नव्हता. दहा वर्षे म्हणजे काय, हे ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळले आहे त्या घराला वेगळे सांगावे लागत नाही. दर काही तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि नितंबांना शय्याव्रण, म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा होतात आणि त्या चिघळल्या तर रोगी दगावतो. घास बेताचा करून भरवावा लागतो, मलमूत्र काढावे लागते, अंग पुसावे लागते, थंडीत पांघरूण आणि उकाड्यात पाणी द्यावे लागते, आणि वस्तीतले बाकीचे लोक माशांच्या मागे किंवा रानात गेले तरी कोणाला तरी मागे थांबावे लागते. यातले कोणतेही काम एकदा करून भागत नाही. एका दिवसाच्या उमाळ्याने हे होत नाही आणि एका व्यक्तीच्या त्यागानेही दहा वर्षे निभत नाही. त्यामागे कामाची वाटणी, अनुभवातून आलेले शुश्रूषेचे ज्ञान आणि पाळी चुकवायची नाही असा अलिखित करार असावा लागतो. त्या दफनभूमीत इतरांची प्रेते सरळ निजवलेली आहेत, हा तरुण मात्र अंग मुडपलेल्या स्थितीत पुरलेला आढळला. बहुधा त्याचे शरीर जिवंतपणी जसे झाले होते तसेच त्यांनी ते ठेवले असावे.

बोर्निओ बेटावरील लियांग तेबो गुहेतून २०२२ मध्ये आलेला पुरावा शुश्रूषेच्या ज्ञानाची आणखी एक पातळी दाखवतो. तेथे सुमारे ३१ हजार वर्षांपूर्वीच्या एका तरुण व्यक्तीचा डावा पाय नडगीच्या खालच्या भागात कापून काढलेला होता, कापाची कड स्वच्छ होती आणि हाड भरून आले होते. हे सर्व बालपणी घडले आणि त्यानंतर ती व्यक्ती सहा ते नऊ वर्षे जगली. रक्त थांबवणे, जखम पिकू न देणे आणि डोंगराळ प्रदेशात एका पायाच्या मुलाला वाढवणे या तिन्ही गोष्टी कोणाला तरी येत होत्या.

मनुष्यप्राण्यात ही सवय कोठून आली असावी, याचे उत्तर आजारात शोधण्यापेक्षा बाळंतपणात शोधणे अधिक फलदायी ठरते. दोन पायांवर चालण्यासाठी कटी अरुंद झाली आणि दुसरीकडे मेंदू वाढत गेला, त्यामुळे माणसाच्या अर्भकाचे डोके जन्ममार्गातून जेमतेम निघते आणि बहुतेक वेळा अर्भक आईच्या पाठीकडे तोंड करून बाहेर येते. आईने स्वतः ओढून घ्यावे तर त्याची मान उलट वाकण्याचा धोका असतो. वेंडा ट्रेवाथन आणि कॅरन रोझेनबर्ग यांनी यावरून असे दाखवले की प्रसूतीच्या वेळी दुसरी बाई जवळ असणे ही माणसाच्या बाबतीत अतिशय जुनी गरज असावी, म्हणजे सुईण ही शेतीच्या कितीतरी आधीची आहे. जन्मल्यानंतरही चिंपांझीच्या पिलाचा मेंदू प्रौढाच्या सुमारे ४० टक्के असतो, तर माणसाच्या बाळाचा ३० टक्क्यांहूनही कमी असतो, आणि उरलेली वाढ त्याला इतरांच्या कुशीत पुरी करावी लागते. टांझानियातील हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांमध्ये क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की आईच्या पदरी नवे तान्हे आले की थोरल्या मुलाची वाढ आजीने खणून आणलेल्या कंदांवर अवलंबून राहते. पाळी थांबल्यानंतरही स्त्री दीर्घकाळ जगते, या जीवशास्त्रीय कोड्याचे एक उत्तर त्यांनी आजीच्या या कष्टांत पाहिले. सारा ब्लॅफर हर्डी यांनी हाच विचार पुढे नेऊन, अनेकांनी मिळून मूल वाढवण्याच्या रीतीतूनच दुसऱ्याचे मन जाणण्याची माणसाची विलक्षण शक्ती उत्क्रांत झाली, असे प्रतिपादन केले. कारण ज्या बाळाला अनेकांच्या मांडीवर वाढायचे आहे त्याला अनेकांचे चेहरे वाचता आलेच पाहिजेत.

इतर प्राण्यांत काळजी नसते असा याचा अर्थ नाही. टांझानियातीलच महाले येथे एका चिंपांझी मादीने गंभीर व्यंग असलेले आपले पिलू सुमारे दोन वर्षे जगवले आणि त्यात पिलाच्या थोरल्या बहिणीचा मोठा हातभार होता, अशी नोंद जपानी संशोधकांनी केली आहे. ती मादी कुटुंबाबाहेरच्या कोणालाही ते पिलू हाताळू देत नसे. आईचा जीव तितकाच तुटतो, परंतु तिला मदतीला शेजार नाही, हा फरक येथे दिसतो. माणसाने काळजीचे वर्तुळ रक्ताच्या नात्याबाहेर नेले, आणि ते कोठपर्यंत न्यायचे याविषयीचा झगडा त्याच्या इतिहासात अद्याप मिटलेला नाही.

भारतीय उपखंडात हा झगडा कुष्ठरोगाच्या इतिहासात ठळकपणे दिसतो. राजस्थानात उदयपूरजवळील बालाथल येथे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांच्या पुढाकाराने झालेल्या उत्खननात, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा मिळाला, आणि त्याच्या चेहऱ्याच्या व इतर हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कुष्ठरोगाचा तो जगातील अत्यंत जुना अस्थिरूप पुरावा मानला जातो. दगडी भिंतींच्या आत, जळलेल्या शेणाच्या राखेच्या थरांत त्याला पुरलेले होते. हे मानाचे दफन होते की भीतीने केलेले वेगळेपण, हे त्या राखेवरून सांगता येत नाही. नंतरच्या काळाविषयी मात्र संदिग्धता नाही. कुष्ठरुग्णाला गावाबाहेर काढणे ही रूढी होती, आणि १८९८ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना सक्तीने कोंडून ठेवण्याची तरतूद केली. बहुविध औषधोपचाराची पद्धत १९८० च्या दशकात आल्यावर हा रोग पूर्ण बरा होऊ लागला, तरी तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळले गेले. औषध आल्यानंतर तीन दशके कायदा भीतीच्याच बाजूने उभा होता.

मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे आणि त्यांच्या पत्नी साधनाताई यांनी १९४९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या आश्रमाची स्थापना केली, ती या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. तेथे औषधोपचार होताच, परंतु त्या प्रयोगाचे मर्म रुग्णाला आयुष्यभर केवळ घेणारा ठेवायचा नाही या निश्चयात होते, आणि डेटवायलर यांनी चार दशकांनंतर अभ्यासकांपुढे जो आक्षेप मांडला त्याचे उत्तर तेथे कामाच्या रूपाने आधीच दिले गेले होते. बोटे झडलेल्या हातांनी खडकाळ माळावर विहिरी खणल्या, शेती उभी केली, आणि भाजीपाला व दूध आश्रमाच्या गरजेपेक्षा जास्त होऊ लागले. वरोऱ्यातले लोक ती भाजी आणि ते दूध घ्यायला सुरुवातीला कचरत होते. कुष्ठरुग्णाला भीक घालण्याची तयारी होती, त्याच्या हातचे घेण्याची नव्हती. ती अढी हळूहळू सुटत गेली. पुढे त्याच परिसरात अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा सुरू झाल्या.